एका मोठ्या संख्येची कसोटी

आपल्या शाळेच्या वार्षिकांत दरवर्षीं कविता येतात, सहलींचीं वर्णनें येतात, थोरांचीं चरित्रें येतात. परंतु गणितावर मराठींत लिहिलेला लेख क्वचितच दृष्टीस पडतो. याचें कारण उघड आहे. गणित हा परीक्षेचा विषय आहे, आवडीनें वाचण्याचा नव्हे, अशी आपणां सर्वांची समजूत होऊन बसली आहे. वीस वर्षें हा विषय शिकविल्यानंतर माझें मत याहून निराळें झालें आहे, आणि तें वाचकांपुढें मांडावें या हेतूनें मी आज एका संख्येचें चरित्र सांगणार आहें. चरित्र हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. कारण या संख्येविषयीं एका संन्याशानें भाकीत केलें, सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर एका शाळामास्तरानें तें सिद्ध करून दाखविलें, आणि तिच्या कांहीं सोबतिणींच्या वांट्याला मात्र दीर्घकाळ उपेक्षा आली.

ती संख्या अशी आहे:

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७

एकोणचाळीस अंकांची ही संख्या वाचावयास आपल्याजवळ शब्दही पुरेसे नाहींत. भास्कराचार्यांनीं लीलावतींत दिलेलीं स्थानें एकंपासून परार्धापर्यंत अठरा आहेत. तीं दोनदां संपविलीं तरी येथें तीन अंक उरतात. तिचें थोडक्यांत नांव मात्र सोपें आहे: दोनाचा १२७ वा घात उणे एक. म्हणजे १२७ वेळां दोन मांडून त्यांचा परस्परांशीं गुणाकार करावा आणि येणाऱ्या उत्तरांतून एक वजा करावा. ही संख्या मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याही संख्येनें तिला निःशेष भाग जात नाहीं.

हें शेवटचें वाक्य लिहावयास मला फारसा वेळ लागला नाहीं. परंतु तें निश्चयानें लिहिण्याचा अधिकार मनुष्यास कसा प्राप्त झाला, हें समजून घेण्याजोगें आहे.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें दुप्पट करीत गेल्यास राजाचीं कोठारें रिकामीं होतात, अशी ती गोष्ट. आतां प्रत्येक घरापर्यंतच्या दाण्यांची बेरीज करून पाहा: १, ३, ७, १५, ३१, ६३, १२७. प्रत्येक बेरीज ही दोनाचा कोणता ना कोणता घात उणे एक अशीच येते. चौसष्ट घरांची एकंदर बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होते. ती दोनाचा ६४ वा घात उणे एक होय.

या बेरजांपैकीं ३, ७, ३१ आणि १२७ या मूळ संख्या आहेत. त्यांचे घातांक अनुक्रमें २, ३, ५ आणि ७. घातांक संयुक्त असला, जसे ४ किंवा ६, तर येणारी संख्याही संयुक्तच असते. १५ आणि ६३ हीं त्याचीं उदाहरणें. मग घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ होते काय? पहिलीं चार उदाहरणें पाहून कोणीही होय म्हणेल. परंतु घातांक ११ घेतला कीं २०४७ येतात, आणि २३ व ८९ यांचा गुणाकार बरोबर २०४७ होतो. चार साक्षी एकसारख्या झाल्या म्हणून पांचवी तशीच होईल असें धरून चालूं नये, हा धडा येथें अगदीं आरंभींच मिळतो.

अशा संख्यांचा शोध प्राचीन काळापासून चालत आला आहे. ६ या संख्येचे लहान विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज ६. २८ चे लहान विभाजक १, २, ४, ७ आणि १४. त्यांची बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडनें सिद्ध केलें कीं, दोनाचा एखादा घात उणे एक ही संख्या मूळ असेल, तर तिला त्या घाताच्या निम्म्यानें गुणिल्यास परिपूर्ण संख्या मिळते. तिनाला दोहोंनीं गुणावें म्हणजे ६, साताला चोहोंनीं गुणावें म्हणजे २८. सहा दिवसांच्या सृष्ट्युत्पत्तीचा विचार करितांना संत ऑगस्टीननें सहा या संख्येच्या परिपूर्णतेचा उल्लेख केला आहे, हें पुष्कळांस ठाऊक असेल.

आतां ज्या संन्याशाचा वर उल्लेख केला, त्याच्याकडे वळूं. मारें मर्सेन याचा जन्म फ्रान्समध्यें १५८८ सालीं झाला. पॅरिसमधील मठांत राहून तो युरोपांतील विद्वानांशीं पत्रव्यवहार करी. देकार्त, फर्मा, पास्काल हे त्याच्या परिचयाचे होते. त्या काळीं गणिताचीं नियतकालिकें नव्हतीं. मर्सेनला पत्र लिहिलें म्हणजे तें विद्वानांच्या मंडळांत सर्वत्र पोंचलें, अशी स्थिति होती. १६४४ सालीं त्यानें एका ग्रंथाच्या प्रस्तावनेंत असें विधान केलें कीं, २५७ पर्यंतचे घातांक घेतले असतां २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांपासूनच मूळ संख्या मिळतात. इतरांपासून मिळत नाहींत. या विधानाची सिद्धता त्यानें दिली नाहीं. विशेष हें कीं, पंधरा-वीस अंकांची संख्या मूळ आहे किंवा नाहीं हें ठरवावयास सारा काळही अपुरा पडेल, असें मत त्यानेंच व्यक्त केलें होतें. आणि घातांक १२७ पासून तर एकोणचाळीस अंकांची संख्या येते! तरीही यादी छापली गेली, करणाराचें नांव मोठें होतें, आणि अशा संख्यांना आजही त्याच्याच नांवानें मर्सेन-संख्या म्हणतात.

ही यादी तपासावयास कठीण कां होती, तें पाहूं. एखादी संख्या मूळ आहे कीं नाहीं हें ठरविण्याची शाळेंतील रीत अशी कीं, तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनीं तिला भागून पाहावें. १२७ साठीं २, ३, ५, ७ आणि ११ एवढ्यांनीं भागून पाहिलें कीं काम झालें. परंतु आपल्या मोठ्या संख्येचें वर्गमूळ सुमारें १३ वर अठरा शून्यें एवढें आहे. कोणी एका सेकंदांत एक भागाकार या वेगानें, न जेवतां न झोंपतां, क्रमानें सर्व संख्यांनीं भागीत बसला, तर त्यास ४१ हजार कोटी वर्षें लागतील. विश्वाचें वय शास्त्रज्ञ सुमारें १,३८० कोटी वर्षें सांगतात. त्याच्या तीसपट काळ झाला! केवळ मूळ संख्यांनींच भागावयाचें ठरविलें, तरीही शेंकडों कोटी वर्षें पुरणार नाहींत.

यावर पहिला उपाय म्हणजे श्रम वांचविणारे नियम शोधणें. फर्मानें असा नियम काढला कीं, घातांक दोनांहून मोठा व मूळ असतां मर्सेन-संख्येचा कोणताही मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीनें भागिला असतां बाकी एकच उरते. २०४७ चे विभाजक २३ आणि ८९ यांस २२ नीं भागून पाहा. दोन्ही वेळां बाकी एक. ऑयलरनें १७७२ सालीं याच मार्गानें घातांक ३१ ची संख्या २,१४,७४,८३,६४७ ही मूळ असल्याचें दाखविलें. तिचा विभाजक असलाच तर त्यास २४८ नीं भागून १ किंवा ६३ बाकी उरली पाहिजे, असें त्यानें ठरविलें, आणि मग ४६,३४० पर्यंतच्या तशा मूळ संख्यांनींच भागून पाहिलें. १८११ सालीं पीटर बार्लो या इंग्रज गणित्यानें लिहिलें कीं, याहून मोठी अशी संख्या बहुधा कधींच सांपडणार नाहीं. कारण या संख्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहींत, तेव्हां कोण कष्ट घेणार? हें मत पुढें किती टिकलें तें लवकरच दिसेल.

घातांक १२७ पुढें मात्र ऑयलरची रीतही थकते. तेथें निराळीच दृष्टि पाहिजे होती, आणि ती एदुआर ल्युका या फ्रेंच गणित्यास लाभली. त्याचा जन्म १८४२ सालीं आमियां गांवीं झाला. १८७० च्या युद्धांत तो तोफखान्यांत अधिकारी होता. युद्धानंतर त्यानें माध्यमिक शाळेंत गणित शिकविण्याचें काम पत्करिलें, आणि पुढें पॅरिसमधील शाळांतही तेंच केलें. एक शाळामास्तर म्हणून मला या गोष्टीचा जो आनंद वाटतो, तो वाचकांनीं क्षम्य मानावा. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्या यांचा ‘हानोईचा मनोरा’ हा खेळ त्यानेंच १८८३ सालीं काढला. काशीच्या देवळांतील सोन्याच्या ६४ चकत्यांची कल्पित कथा त्या खेळाशीं जोडलेली आहे. त्या ६४ चकत्या हलवावयास लागणाऱ्या चालींची संख्या बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांइतकीच होते.

१८७६ सालीं ल्युकानें जाहीर केलें कीं, दोनाचा १२७ वा घात उणे एक ही संख्या मूळ आहे. तिला एकाही विभाजकानें भागून न पाहतां त्यानें हें ठरविलें होतें. त्याची कसोटी अमेरिकेंतील डी. एच. लेहमर यानें १९३० च्या सुमारास अधिक सुटसुटीत केली, आणि ती इतकी सोपी आहे कीं नववीच्या मुलांनाही करितां येते. गेल्या पावसाळ्यांत मैदानावर पाणी सांचून खेळाचा तास बुडाला, तेव्हां मीं ती आमच्या नववीच्या वर्गांत करून घेतली.

कसोटी अशी. चार या संख्येपासून आरंभ करावा. तिचा वर्ग करावा, त्यांतून दोन वजा करावे, आणि जी संख्या तपासावयाची तिनें भागून बाकी घ्यावी. त्या बाकीचा पुन्हां वर्ग, पुन्हां उणे दोन, पुन्हां भागाकार. अशा रीतीनें घातांकापेक्षां एक कमी इतकीं पदें काढावीं. दोनांनंतरचा कोणताही मूळ घातांक घ्या. शेवटचें पद शून्य आलें तर संख्या मूळ, न आलें तर संयुक्त.

आम्हीं घातांक ७ घेतला. म्हणजे तपासावयाची संख्या १२७, आणि काढावयाचीं पदें सहा. एकेका बांकावर एकेक पद सोंपविलें. पहिलें पद ४. दुसरें १६ उणे २, म्हणजे १४. तिसरें १९६ उणे २, म्हणजे १९४. १२७ नीं भागून बाकी ६७. चौथें ६७ चा वर्ग ४४८९, उणे २, म्हणजे ४४८७. येथें पुढच्या बांकावरील एका हुशार विद्यार्थ्यानें बाकी ४४ सांगितली. मीं ती फळ्यावर लिहिणार, तोंच मागच्या बांकावरून आवाज आला, “सर, बाकी ४२ आहे.” ज्यानें हें म्हटलें तो मुलगा वर्गांत सहसा तोंड उघडीत नसे. मीं त्यास फळ्याजवळ बोलाविलें. त्यानें १२७ ला ३५ नीं गुणून ४४४५ लिहिले, वजाबाकी केली, आणि ४२ आंकडा लिहून खडू खालीं ठेविला. पांचवें पद ४२ चा वर्ग १७६४, उणे २, म्हणजे १७६२, बाकी १११. सहावें पद १११ चा वर्ग १२,३२१, उणे २, म्हणजे १२,३१९. आतां १२७ ला ९७ नीं गुणा. बरोबर १२,३१९! बाकी शून्य. वर्गांत क्षणभर शांतता झाली आणि मग टाळ्या पडल्या. ४४ तसेच फळ्यावर राहिले असते तर हें शून्य आलें नसतें, हें मुलांनीं आपण होऊनच ताडून पाहिलें.

तेव्हां एका मुलीनें विचारिलें, “सर, पण ही कसोटीच खरी कशावरून?” वीस वर्षांत मला विचारलेल्या उत्तम प्रश्नांपैकीं हा एक होय. कारण एका संन्याशाची यादी विश्वासानें मानावयाची नाहीं, तर एका मास्तराची कसोटी तरी विश्वासानें कां मानावी? मीं तिला पहिली पायरी दाखविली. दोन अधिक तिनाचें वर्गमूळ, आणि दोन उणे तिनाचें वर्गमूळ, अशा दोन राशी घ्या. त्यांची बेरीज ४ होते आणि गुणाकार १ होतो. आतां दोघींचे वर्ग करून बेरीज करावयाची असेल, तर चाराचा वर्ग करून त्यांतून गुणाकाराची दुप्पट, म्हणजे २, वजा केले पाहिजेत, उत्तर १४. पुन्हां तसेंच केलें कीं १९४. म्हणजे आपण जें ‘वर्ग करा, दोन वजा करा’ असें म्हणत होतों, तें त्या दोन राशींचे घात एकसारखे दुप्पट करीत जाणें होय. अशा राशींच्या घातांना संख्येनें भागून उरणाऱ्या बाक्यांचा क्रम अमुक ठिकाणींच पुन्हां आरंभास येईल कीं त्याआधीं येईल, यावरून संख्या मूळ आहे कीं संयुक्त तें ठरतें. संपूर्ण सिद्धतेस महाविद्यालयांतील बीजगणित लागतें. परंतु ती आहे, आणि जो कोणी वाट चालेल त्यास ती पाहावयास मिळते. मर्सेनची यादी आणि ल्युकाची कसोटी यांत हाच भेद आहे.

घातांक १२७ साठीं हीच क्रिया १२५ वेळां करावी लागते, आणि प्रत्येक वेळीं सुमारें एकोणचाळीस अंकांच्या राशीचा वर्ग करून एकोणचाळीस अंकांनीं भागावें लागतें. कागद-पेन्सिलीनें हें काम कष्टाचें खरें, परंतु तें मनुष्याच्या आयुष्यांत मावतें. ४१ हजार कोटी वर्षें कोठें, आणि सव्वाशें पायऱ्या कोठें! ल्युकाचा हा निर्णय पुढें इतरांनींही तपासून कायम केला. संगणकाच्या साहाय्यावांचून शोधिलेली सर्वांत मोठी मर्सेन मूळ संख्या ती हीच, आणि ज्ञात मूळ संख्यांत पहिला मान तिच्याकडे १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशें वर्षें राहिला.

या कसोटीचा दुसरा एक गुण मोठा विलक्षण आहे. २०४७ ही संख्या तिच्यांत घाला. दहावें पद १७३६ येतें, शून्य येत नाहीं. म्हणून २०४७ संयुक्त. परंतु २३ आणि ८९ यांचा मागमूसही त्या गणितांत लागत नाहीं! संख्या फुटते एवढें निश्चित कळतें. कोठें फुटते तें कळत नाहीं. ल्युकानें १८७६ सालींच घातांक ६७ ची संख्या मूळ नसल्याचें दाखविलें, म्हणजे मर्सेनची यादी चुकली हें सिद्ध झालें. परंतु तिचे विभाजक कोणासही ठाऊक नव्हते. १९०३ च्या ऑक्टोबरांत फ्रँक नेल्सन कोल यानें अमेरिकन गणित-सभेपुढें ते मांडिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांचा गुणाकार १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. असें सांगतात कीं, त्यानें एक शब्दही न उच्चारतां फळ्यावर एकीकडे दोनाचा ६७ वा घात उणे एक काढला, दुसरीकडे हा गुणाकार केला, आणि दोन्ही उत्तरें एक आलेलीं पाहून सभेनें टाळ्या वाजविल्या. आणि किती वेळ लागला असें विचारितां ‘तीन वर्षांचे रविवार’ असें त्यानें सांगितलें. गोष्टींत थोडी भर पडली असेल. परंतु गुणाकार कोणीही करून पाहावा. पहिल्या विभाजकास ६७ च्या दुपटीनें, १३४ नीं, भागून बाकी एक उरते तेंही पाहावें. फर्माचा नियम तेथेंही उभा आहे.

याप्रमाणें यादींतील ६७ खोटा ठरला. पुढें २५७ ही खोटा ठरला. परंतु मला अधिक विचार करावयास लावितात ते यादींत नसलेले घातांक. १८८३ सालीं रशियांतील पेर्वुशिन नांवाच्या एका ग्रामीण धर्मोपदेशकानें सिद्ध केलें कीं, घातांक ६१ ची संख्या २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१ ही मूळ आहे. मग १९११ सालीं पॉवर्स या अमेरिकन हौशी गणित्यानें ८९ ची, आणि १९१४ सालीं १०७ ची संख्या मूळ असल्याचें दाखविलें. मर्सेनची यादी छापली गेली त्या दिवशींही या तिन्ही संख्या मूळच होत्या. नांव यादींत आलें नाहीं म्हणून त्यांच्या अंगीं विभाजक उत्पन्न झाला नाहीं, आणि नांव आलें म्हणून ६७ ची संख्या फुटल्यावांचून राहिली नाहीं. सर्व यादीची तपासणी पुरी व्हावयास १९४७ साल उजाडावें लागलें. म्हणजे तीनशें तीन वर्षें लागलीं.

येथें पालकांसाठीं दोन शब्द लिहितों. ज्या मुलानें फळ्यावर ४२ लिहिले, त्याचे वडील त्याआधीं महिनाभर मला भेटावयास आले होते. कष्टाची कमाई असलेला साधा गृहस्थ. “मास्तर,” ते म्हणाले, “पोराला आतां कामाला लावतों. घरांत एक शिकलेले आहेत, ते म्हणतात, याचें डोकें गणितांत चालायचं नाहीं. त्यांना कळतं, आपल्याला काय कळतंय?” मीं त्यांस विचारिलें कीं, त्या शिकलेल्या नातलगांनीं मुलास कधीं गणित घातलें आहे काय? त्यांनीं क्षणभर विचार केला आणि नाहीं म्हणाले. मीं एवढेंच म्हणालों, “अहो, मग अजून परीक्षा झालीच नाहीं. एक वर्ष थांबा.” ते थांबले आहेत. मुलगा एकदम पहिला आला, असें मीं येथें लिहिणार नाहीं. त्याची सहामाही साधारणच गेली. परंतु आतां तो आपल्या पेपरांतील चुका घेऊन माझ्याकडे येतो, आणि माझे गुण मोजण्यांत चूक झाली नाहीं ना, हेंही एकदां तपासून गेला. निकालाच्या याद्या आम्हीं शिक्षक करितों, त्या आवश्यकही आहेत. परंतु त्या माणसांनीं केलेल्या याद्या आहेत, हें आम्हीं विसरूं नये आणि पालकांनींही विसरूं नये.

आतां बार्लोच्या मताचें काय झालें तें सांगून आवरतों. १९५१ सालीं केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावर मिलर व व्हीलर यांनीं ७९ अंकांची मूळ संख्या शोधिली. ती आपल्याच संख्येच्या वर्गास १८० नीं गुणून एक मिळविल्यानें होते. १९५२ सालीं रॉबिन्सन यानें ल्युकाचीच कसोटी संगणकावर चालवून घातांक ५२१ ची संख्या मूळ असल्याचें दाखविलें. आज संगणकावरून जाणारा मजकूर गुप्त राखण्याच्या एका प्रमाणभूत पद्धतीचा पाया तीच संख्या आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें, परंतु गुणाकारावरून त्या ओळखणें अत्यंत कठीण, हा जो अनुभव कोलला आला, त्याच्यावरच १९७७ सालीं निघालेली गुप्तलेखनाची दुसरी एक पद्धत उभी आहे. घरांतून बँकेचा व्यवहार करितांना या विद्येचें कुलूप आपल्या पैशांवर असतें. २००२ सालीं कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनीं, केवळ मर्सेनचीच नव्हे तर कोणतीही संख्या मूळ आहे कीं नाहीं हें आटोपशीर पायऱ्यांत निश्चित ठरविण्याची रीत दिली. तिचा जगभर गौरव झाला.

१९९६ पासून जगांतील हजारों लोक आपले संगणक एकत्र जोडून मर्सेन मूळ संख्यांचा शोध करीत आले आहेत. त्या प्रयत्नांतून ऑक्टोबर २०२४ मध्यें जी संख्या जाहीर झाली, तिचा घातांक १३,६२,७९,८४१ असून तींत ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पृष्ठावर तीन हजार अंक छापले तर तेरा हजारांहून अधिक पृष्ठें भरतील. आणि ती मूळ असल्याची शेवटची खातरी कशानें केली? चारापासून आरंभ, वर्ग करा, दोन वजा करा, भागून बाकी घ्या. नववीच्या वर्गानें फळ्यावर जें केलें, तेंच.

आपल्या संख्येविषयीं आणखी एक गोष्ट राहिली. २ पासून आरंभ करून प्रत्येक संख्या घातांक म्हणून घेत चला: २ पासून ३, तिनापासून ७, सातापासून १२७, आणि १२७ पासून आपली एकोणचाळीस अंकांची संख्या. पांचही मूळ. या साखळीकडे कातालान या गणित्यानें १८७६ सालींच लक्ष वेधलें. सहावा दुवाही मूळ आहे काय? ती संख्या एवढी अफाट आहे कीं तिचे सगळे अंक लिहून काढणेंही अशक्य, आणि या प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. ज्यास मोठेपणीं कांहीं करून दाखवावयाचें असेल, त्याच्यासाठीं जागा मोकळी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, इतकें वाचून तुम्हीं माझ्या शब्दावर विसंबूं नये. मर्सेनच्या यादींत १३ हा घातांक आहे, आणि दोनाचा तेरावा घात उणे एक म्हणजे ८१९१. सुटींत एखाद्या दुपारीं वहीचें एक पान घ्या, चारापासून आरंभ करा, आणि बारा पदें काढा. शेवटीं काय उरतें तें मी येथें छापीत नाहीं. तुमचें उत्तर वहींत लिहून शाळा उघडल्यावर मला दाखवा. आणि शेजाऱ्याचें उत्तर निराळें आलें असेल, तर दोघांनीं मिळून प्रत्येक पायरी पुन्हां तपासूनच या.